जेक्यू-१: बीआरडी४ला क्रोमॅटिनवरून हटवणाऱ्या रेणूचा सविस्तर रिव्ह्यू

पाच मिलिग्रॅम जेक्यू-१ म्हणजे कुपीच्या तळाला चिकटलेली जेमतेम चिमूटभर पांढरी पूड. बीआरडी४ हे प्रथिन आणि ॲसिटिल लागलेला हिस्टोन (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो ते प्रथिन; दोन्ही मिळून क्रोमॅटिन) यांची पकड सुटली की कॅन्सर पेशीतल्या जनुकांचं काय होतं, हे बघायचं असेल तर आजही पहिला रेणू हाच मागवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र याच्या एकट्याच्या भरवशावर शेवटचा निकाल देऊ नये. का, ते पुढे येईलच.

आधी हा रेणू नेमका कुठे हात घालतो ते बघू. पी३०० किंवा सीबीपीसारखी प्रथिनं हिस्टोनच्या लायसिन या अमिनो आम्लावर ॲसिटिल गट चढवतात. ही खूण वाचायचं काम ब्रोमोडोमेन करतो. सुमारे ११० अमिनो आम्लांचा हा तुकडा, मधोमध एक खोलगट खिसा, आणि खिशाच्या तळाशी एक ॲस्पॅरजिन हे अमिनो आम्ल. ॲसिटिल-लायसिन त्या ॲस्पॅरजिनशी हायड्रोजन बंध जोडतो. बीआरडी४मध्ये असे दोन ब्रोमोडोमेन शेजारी-शेजारी आहेत. पहिल्यातला ॲस्पॅरजिन १४० क्रमांकाचा, दुसऱ्यातला ४३३. हिस्टोनला चिकटलेलं बीआरडी४ आपल्या शेपटाकडच्या भागाने पी-टीईएफबी ही जोडी जवळ ओढतं, म्हणजे सीडीके९ आणि सायक्लिन टी१. सीडीके९ आरएनए पॉलिमरेज-२ च्या शेपटावर फॉस्फेट चढवतो आणि जनुकाच्या सुरुवातीलाच अडखळून थांबलेला पॉलिमरेज पुढे निघतो. मिक हे जनुक कित्येक कॅन्सरमध्ये भरधाव चालतं ते या साखळीच्या जोरावर.

जेक्यू-१ ॲसिटिल-लायसिनच्या जागी त्याच खिशात जाऊन बसतो. पहिल्या ब्रोमोडोमेनसाठी त्याचा वियोजन स्थिरांक (आकडा जितका कमी तितकी पकड घट्ट) सुमारे ५० नॅनोमोलर, दुसऱ्यासाठी सुमारे ९०. जेम्स ब्रॅडनर यांच्या गटाने ऑक्सफर्डच्या संशोधकांसोबत २०१० साली हा रेणू प्रसिद्ध केला. नावातली जेक्यू ही अक्षरं तो बनवणारे रसायनशास्त्रज्ञ जून ची यांच्या आद्याक्षरांवरून आली. त्यांनी तो मोकळेपणाने मागेल त्या प्रयोगशाळेला पाठवला. पुढच्या काही वर्षांत या विषयात इतकं काम झालं, त्यात त्या मोकळेपणाचा मोठा वाटा आहे आणि त्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

मागवताना

गफलत होते ती इथूनच. कॅटलॉगमध्ये मिळत्याजुळत्या नावाच्या चार वस्तू असतात. तुम्हाला हवा तो अधिक चिन्हाचा, म्हणजे एस रूपाचा जेक्यू-१. उणे चिन्हाचा, आर रूपाचा, हा त्याचा आरशातला जोडीदार. तो खिशात नीट बसत नाही, म्हणून कंट्रोल म्हणून वापरतात. तिसरी वस्तू दोन्हींचं मिश्रण, नावापुढे अधिक-उणे असं एकत्र चिन्ह असतं. हे मिश्रण वापरलंत तर तुमची खरी मात्रा निम्मी होते आणि डोस-आलेख कुणाच्याही आलेखाशी जुळत नाही. चौथी वस्तू जेक्यू-१ आम्ल. त्याला टर्ट-ब्युटिल एस्टर नसतो. दुसरे रेणू जोडण्यासाठी हुक म्हणून ते विकलं जातं, पेशींवर टाकण्यासाठी नव्हे. ऑर्डर करताना रेणुभार तपासा: जेक्यू-१चा ४५६.९९. आकडा बराच कमी दिसला तर आम्ल तुमच्या हातात आलंय.

अधिक आणि उणे, दोन्ही एकाच वेळी मागवा. उणे रूप "नंतर बघू" म्हणून टाळलं, तर पुढे प्रत्येक निकालावर रेणूच्या इतर परिणामांची शंका कायम राहते.

स्टॉक

५ मिलिग्रॅमच्या कुपीत १.०९ मिलिलिटर निर्जल डीएमएसओ (एक द्रावक) घातलं की १० मिलिमोलर द्रावण होतं. पूड बाहेर काढून तोलायला जाऊ नका, झाकणाला आणि स्पॅट्युलाला चिकटून बरीचशी जाते. कुपी आधी थोडी सेंट्रिफ्यूज करा, मग थेट तिच्यातच डीएमएसओ घालून व्हॉर्टेक्स करा. १० ते २० मायक्रोलिटरचे छोटे भाग करून उणे २० किंवा उणे ८० अंशांवर ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं. उघड-बंद होणाऱ्या बाटलीतलं द्रावण हळूहळू पातळ होत जातं आणि पूर्वी ५०० नॅनोमोलरला मिळणारा परिणाम पुढे मिळेनासा होतो. तेव्हा दोष पेशींना दिला जातो, खरा दोष बाटलीचा असतो.

पाण्यात हा रेणू फारसा विरघळत नाही. १० मिलिमोलर स्टॉक थेट माध्यमात टाकला तर थेंब पडतो त्या जागी क्षणभर दुधट रेघ उमटते आणि काही वेळा बारीक कण तसेच राहतात. त्यापेक्षा डीएमएसओमध्येच मधली द्रावणं बनवा: ५०० नॅनोमोलरसाठी ०.५ मिलिमोलर, २५०साठी ०.२५ मिलिमोलर, आणि प्रत्येक माध्यमात १ला १००० या प्रमाणात. म्हणजे सगळ्या मात्रांमध्ये आणि कंट्रोलमध्ये डीएमएसओ नेमकं ०.१ टक्का राहतं. माध्यम आधी ३७ अंशांवर आणा आणि रेणू घालताना हलवत राहा. आणखी एक खबरदारी: एस्टरमुळे तीव्र आम्लात हा रेणू तुटतो, त्यामुळे आम्लधर्मी बफरमध्ये तो तयार करून ठेवू नका.

मात्रा आणि वेळ

बहुतेक पेशींसाठी ५०० नॅनोमोलर ही चांगली सुरुवात. सोबत ६२, १२५, २५० आणि १००० घेतले की आलेख पुरा होतो. एक मायक्रोमोलरच्या वर जाण्यात अर्थ नाही. त्या मात्रेला काही दिसलं तरी ते ब्रोमोडोमेनमुळेच, असं ठामपणे म्हणता येत नाही.

वेळेबाबत मात्र आग्रह धरावा लागतो. मल्टिपल मायलोमाच्या एमएम.१एस पेशींत मिकचं आरएनए पहिल्या तासाभरातच खाली यायला लागतं. मिक प्रथिनाचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपास असल्याने प्रथिनही लगेच मागोमाग उतरतं. म्हणून ०, १, ४, ८ आणि २४ तास असे टप्पे ठेवा. फक्त ४८ तासांचा नमुना घेतलात तर पेशी विभाजनाआधीच्या जी-१ टप्प्यात अडकलेल्या असतात, काही मरायला लागलेल्या असतात, आणि घटलेल्या शेकडो जनुकांपैकी थेट कोणती आणि मिक गेल्यामुळे मागाहून कोणती, हे वेगळं काढता येत नाही. जेक्यू-१च्या नावावर खपवलेली कितीतरी "लक्ष्य जनुकं" अशा उशिराच्या नमुन्यांतून आलेली असतात, ही खेदाची गोष्ट आहे.

पेशी मोजून लावा, तरंगत्या पेशी असतील तर मिलिलिटरला ३ ते ५ लाख. दाटी झालेल्या पेशींत मिक आधीच उतरलेलं असतं आणि रेणूला दाखवायला काही उरत नाही.

एक बारीकशी चूक वारंवार होते. जेक्यू-१ची पकड पक्की गाठ नव्हे. रेणू धुतला की सुटते आणि बीआरडी४ परत जागेवर जातं. पेशी गोळा करताना कोमट बफरने दोन-तीनदा धुतल्या, किंवा चिकटलेल्या पेशी ३७ अंशांवर ट्रिप्सिनमध्ये निवांत ठेवल्या, तर तेवढ्या वेळात परिणाम उलटायला लागतो. बर्फगार बफर घ्या, हात चलाख ठेवा, शक्य असेल तिथे लायसिस बफर थेट प्लेटवर ओता.

रेणू काम करतोय हे कसं ओळखायचं

एकट्या मिकवर विसंबू नका. मिक कमी झालं नाही म्हणजे रेणू खराब, असंही नसतं. फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमाच्या काही पेशींत जेक्यू-१ वाढ रोखतो तेव्हा मिक फारसं हलत नाही, तिथे एफओएसएल१ हे जनुक उतरतं. म्हणून सोबत हेक्सिम-१चं आरएनए मोजा. हेक्सिम-१ हे पी-टीईएफबीला ७एसके आरएनएसोबत बांधून निष्क्रिय ठेवणारं प्रथिन. बेट कुटुंबाची प्रथिनं (बीआरडी४ आणि त्याची भावंडं) अडवली की अगदी वेगवेगळ्या पेशींत त्याचं आरएनए वाढतं. मिक खाली आणि हेक्सिम-१ वर, अशी जोडी मिळाली की रेणू पेशीत पोहोचला आणि खिशात बसला याची खात्री धरायला हरकत नाही. दोन्ही जागचे हललेच नाहीत, तर आधी स्टॉक तपासा.

आता क्यूपीसीआरमधला (आरएनए मोजण्याच्या पद्धतीतला) सापळा. ज्या प्रयोगात तुम्ही लिप्यंतरणाच्या यंत्रणेलाच हात घालताय, तिथे संदर्भ जनुकही (ज्याच्या तुलनेत बाकीची मोजतो ते) हलू शकतं. सगळंच थोडं खाली आलं आणि तुम्ही घटलेल्या संदर्भाने भागलंत, तर घट लपते आणि काही जनुकं वाढल्याचा खोटा भास होतो. उपाय साधा आहे: समान संख्येच्या पेशी घ्या आणि लायसिसच्या वेळीच बाहेरून ठरावीक प्रमाणात कृत्रिम आरएनए मिसळा, त्यावर सगळं मोजा. आरएनए काढून, तोलून, समान करून झाल्यावर मिसळलं तर काही उपयोग नाही. फरक तोवर पुसला गेलेला असतो.

वेस्टर्नमध्ये (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीत) बीआरडी४चा लांब प्रकार १३६२ अमिनो आम्लांचा आहे, पण जेलवर तो हिशेबापेक्षा बराच वर, २०० किलोडाल्टनच्या आसपास दिसतो. ६ टक्क्यांचं किंवा ४ ते ८ टक्क्यांचं ग्रेडियंट जेल लावा आणि रात्रभर थंडीत ट्रान्सफर करा. छोट्या प्रथिनांसाठीचा पाऊण तासाचा ट्रान्सफर इथे अपुरा पडतो. जेक्यू-१ने बीआरडी४ची पट्टी फिकी व्हायला हवी, अशी अपेक्षा ठेवू नका. हा रेणू प्रथिन नष्ट करत नाही, फक्त जागेवरून हलवतो. उलट पट्टी थोडी गडदही होऊ शकते. शेपटाकडचा भाग ओळखणारी अँटिबॉडी ७२२ अमिनो आम्लांचा छोटा प्रकार बघूच शकत नाही, हेही ध्यानात असू द्या.

नट कार्सिनोमा: परिणाम डोळ्यांनी दिसतो तिथे

जेक्यू-१ची खरी ताकद बघायची तर नट कार्सिनोमाच्या पेशी घ्याव्यात. इथे क्रोमोसोम १५ आणि १९ यांच्या अदलाबदलीतून बीआरडी४चा पुढचा भाग, दोन्ही ब्रोमोडोमेनसकट, नट या प्रथिनाला जोडला जातो. नट पी३००ला ओढतं, पी३०० ॲसिटिल चढवतं, त्या ॲसिटिलवर आणखी बीआरडी४-नट येऊन बसतं, ते आणखी पी३०० आणतं. अशी ही खूण पसरत जाते आणि क्रोमॅटिनचे मोठमोठे पट्टे ॲसिटिलने भरून जातात. एरवी नट जवळजवळ फक्त वृषणात बनतं, त्यामुळे नटची अँटिबॉडी इथे स्वच्छ काम करते. बीआरडी४ची शेपटाकडची अँटिबॉडी या जोडप्रथिनाला दिसतच नाही, कारण ते शेपूट त्यात नसतं.

पेशी कव्हरस्लिपवर वाढवा, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने १० ते १५ मिनिटं फिक्स करा, नटसाठी रंगवा. डीएमएसओच्या कव्हरस्लिपवर प्रत्येक केंद्रकात डझनावारी ठसठशीत ठिपके दिसतात, काळ्या पाटीवर खडूचे ठोके मारावेत तसे. ५०० नॅनोमोलर जेक्यू-१च्या कव्हरस्लिपवर काही तासांतच ते ठिपके विरतात आणि केंद्रकभर मंद, सपाट चमक उरते. प्रथिन तेच, जवळजवळ तेवढंच, फक्त पकड सुटलेली. दोन-तीन दिवस ठेवल्या तर गोल, गच्च पेशी पसरट आणि लांबुळक्या होतात, केराटिन वाढतं, विभाजन थांबतं. उणे रूपाच्या कव्हरस्लिपवर ठिपके जसेच्या तसे. नव्या विद्यार्थ्याला प्रथिनांची गाठभेट जनुकं कशी चालवते हे समजावायला याहून चांगला प्रयोग आमच्या माहितीत नाही.

चिप आणि को-आयपीमध्ये

चिप म्हणजे एखादं प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय ते मोजणं. बीआरडी४ डीएनएला थेट धरत नाही, हिस्टोनमार्फत धरतो, आणि तेही सतत धर-सोड करत. नुसत्या १ टक्का फॉर्मल्डिहाइडने १० मिनिटं बांधून सिग्नल कमजोर येत असेल तर आधी २ मिलिमोलर डीएसजीने (प्रथिनांना एकमेकांशी बांधणारं रसायन) ३० ते ४५ मिनिटं बांधा, मग फॉर्मल्डिहाइड, मग १२५ मिलिमोलर ग्लायसिनने ५ मिनिटं थांबवा. डीएसजी ऐनवेळी विरघळवा. पाण्याशी संबंध आला की ते लवकर निकामी होतं. आणि धुण्याच्या बफरमध्येही जेक्यू-१ ठेवा, नाहीतर डीएसजीच्या आधीच्या दोन धुण्यांत बीआरडी४ परत जाऊन बसतो आणि तुम्हाला वाटतं परिणामच झाला नाही. दुहेरी बांधणीनंतर क्रोमॅटिन तोडायला सोनिकेशनच्या जास्त फेऱ्या लागतात. २०० ते ५०० बेसचे तुकडे झालेत का, हे जेलवर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घट सगळीकडे एकदम होते, त्यामुळे इथेही बाहेरचं क्रोमॅटिन मिसळणं गरजेचं आहे, सहसा ड्रॉसोफिलाचं वापरतात. एमएम.१एसमध्ये मिकजवळ येऊन बसलेल्या आयजीएच एन्हान्सरवर (एन्हान्सर म्हणजे जनुकाला जोर देणारा डीएनएचा तुकडा) बीआरडी४चा ढीग असतो. अशा सुपर-एन्हान्सरांवरून (एन्हान्सरांच्या मोठ्या पुंजक्यांवरून) तो इतर जागांपेक्षा जास्त प्रमाणात उतरतो, असं २०१३ साली दिसून आलं. त्यातूनच सगळ्या पेशींत असलेलं प्रथिन अडवूनही ठरावीक जनुकांनाच जास्त फटका का बसतो, याचं एक चांगलं उत्तर मिळालं.

को-आयपीबाबत (एक प्रथिन ओढून त्याच्यासोबत कोणती येतात ते बघण्याच्या पद्धतीबाबत) एक गैरसमज इतका पक्का बसलाय की तो इथे सोडवायलाच हवा. जेक्यू-१ दिल्यावर बीआरडी४ आणि सायक्लिन टी१ यांची जोडी तुटेल असं गृहीत धरून लोक प्रयोग लावतात आणि तुटली नाही म्हणून हिरमुसतात. ती तुटायचीच नसते. जेक्यू-१ ब्रोमोडोमेन अडवतो. पी-टीईएफबीला धरणारा भाग शेपटाला आहे, तो मोकळाच असतो. तुटतं ते बीआरडी४ आणि ॲसिटिल लागलेल्या हिस्टोनचं नातं. तेच मोजायचं असेल तर लायसिस बफरमध्ये ५ ते १० मिलिमोलर सोडियम ब्युटिरेट घाला, नाहीतर बर्फावर ठेवलेल्या लायसेटमध्येही डीॲसिटिलेज ॲसिटिल काढत राहतात आणि कंट्रोलमध्येच हिस्टोन येत नाही. केंद्रकातून प्रथिनं काढायला ३०० ते ४२० मिलिमोलर मीठ लागतं. अँटिबॉडी लावलेल्या बीड्सवर (बारीक मण्यांवर) घालण्याआधी ते १५० वर आणा. न्यूक्लिएज जरूर वापरा. डीएनएचा एकच धागा दोघांनी धरलेला असला तरी बीड्सवर ते दोघं सोबत येतात, आणि त्याला आपण भेट समजून बसतो.

जे जेक्यू-१ सांगू शकत नाही

तो बीआरडी२, बीआरडी३, बीआरडी४ आणि वृषणातलं बीआरडीटी, चौघांनाही अडवतो. म्हणून जेक्यू-१ने एखादं जनुक उतरलं तर "हे बेट कुटुंबावर अवलंबून आहे" एवढंच लिहावं. बीआरडी४चं नाव घ्यायचं असेल तर त्या एकट्याला आरएनएआयने किंवा क्रिस्परने कमी करून तोच परिणाम दाखवा.

दुसरी मर्यादा अशी की खिसा बंद केला तरी बाकीचं प्रथिन पेशीत तसंच असतं. ट्रिपल-निगेटिव्ह स्तन कॅन्सरच्या जेक्यू-१ला न जुमानणाऱ्या पेशींत बीआरडी४वर फॉस्फेट जास्त चढलेलं असतं आणि ते ब्रोमोडोमेनशिवायच एमईडी१ या प्रथिनाला धरून एन्हान्सरवर टिकतं, असं २०१६ साली दाखवलं गेलं. ल्युकेमियात तर डब्ल्यूएनटी हा पेशीतला संदेशमार्ग चढतो आणि मिक दुसऱ्या वाटेने पुन्हा चालू होतं. अशा पेशींत मात्रा वाढवत नेणं व्यर्थ आहे.

तिथे जेक्यू-१च्याच अंगावर दुसरा हात जोडून बनवलेले नाशक रेणू उपयोगी पडतात. २०१५ साली आलेला डीबेट१ सेरेब्लॉनला बोलावतो, त्याच वर्षीचा एमझेड१ व्हीएचएलला. दोन्हींमुळे बेट प्रथिनांवर युबिक्विटिन ही नष्ट करण्याची खूण चढते आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, ती संपवतो. एमझेड१ कमी मात्रेत बीआरडी४ला बीआरडी२ आणि बीआरडी३पेक्षा जास्त संपवतो, हा त्याचा खास गुण. पण यांची मात्रा वाढवली की परिणाम वाढेल असं नाही. जास्त मात्रेत रेणूचं एक टोक बीआरडी४ला आणि दुसऱ्या रेणूचं टोक व्हीएचएलला स्वतंत्रपणे भरून टाकतं, तिघांची एकत्र गाठ पडत नाही आणि पट्टी पुन्हा दिसू लागते. त्यामुळे १० नॅनोमोलरपासून १० मायक्रोमोलरपर्यंत पूर्ण आलेख काढल्याशिवाय एकच मात्रा निवडू नका. प्रोटिअसोम अडवणारा रेणू घातलेला एक कंट्रोलही लावा. आणि हेही लक्षात असू द्या की बीआरडी४ पूर्ण गेलं तर घट काही जनुकांपुरती राहत नाही, लिप्यंतरणच सर्वत्र ढासळतं. जेक्यू-१चा मवाळपणा, म्हणजे काही जनुकांना जास्त आणि बाकींना कमी धक्का, हा बऱ्याच प्रश्नांसाठी फायद्याचाच ठरतो.

उंदरांत

जेक्यू-१ हे औषध नाही आणि तसं समजून कोणी वापरूही नये. शरीरात तो फार लवकर संपतो. उंदरांत अर्धायुष्य तासाभराच्या घरात आहे. रोज किलोला ५० मिलिग्रॅम पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने देण्याची पद्धत रूढ आहे: डीएमएसओत मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम विरघळवायचं, मग १० टक्के हायड्रॉक्सीप्रोपिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या द्रावणात दहापट पातळ करायचं, ग्रॅममागे १० मायक्रोलिटर द्यायचं. सायक्लोडेक्स्ट्रिन व्हॉर्टेक्सवर फिरत असताना त्यात थेंबाथेंबाने घाला. एकदम ओतलं तर पांढरा गाळ बसतो आणि प्रत्येक उंदराला वेगळी मात्रा जाते. रोज ताजं बनवा. ट्यूमरमधलं मिक मोजायचं असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतरची वेळ सगळ्या उंदरांत सारखी ठेवा, एक-दोन तासांच्या आत. दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेल्या ट्यूमरमध्ये मिक पूर्ववत दिसू शकतं.

आणि नर उंदरांच्या पिंजऱ्यात त्याच काळात प्रजननाचा कार्यक्रम आखू नका. बीआरडीटी अडल्यामुळे शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही घटतात, पिल्लं होत नाहीत; इंजेक्शनं थांबवल्यावर प्रजननक्षमता परत येते, पण त्याला काही महिने द्यावे लागतात.